अक्षर आणि आकृती



संगणकाने अक्षर साठवावे की त्याची आकृती, हा संगणकतज्ज्ञांचा जुना वाद आहे. कंपन्यांनी आपापल्या फाँटमधील आकृत्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. त्यामुळे छपाईची तातडीची गरज भागली; परंतु एकाचा मजकूर दुसऱ्याकडे निरर्थक ठरला. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकाने आणि युनिकोडने वर्ण साठविला, आकृती फाँटवर सोपविली. म्हणूनच समुद्रवाचक 'दर्या' आणि डोंगरांतल्या 'दऱ्या' हा मराठी भेद तेथे टिकला.

छत्रीबागेतील होळकरांच्या छत्र्या दगडामुळे उभ्या आहेत. आपल्या जुन्या स्मरणिका फाँटाबरोबर मुक्या होऊ नयेत. त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात, एवढीच या व्यासपीठावरून माझी विनंती आहे.