पवनचक्की, पाऊस आणि लोकप्रवाद



या महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामाच्या वाटचालीविषयी पुष्कळ बोलले गेले आहे व अजून बोलले जाईल. आमच्याकडे मात्र चालकांनी निराळाच विषय सोपविला. हवापाणी बदलत चालले आहे, आणि त्याविषयी लोकांत नाही नाही ते पसरत आहे, त्याचा काही विचार व्हावा, अशी त्यांची इच्छा. विषय साऱ्या पृथ्वीचा आहे. तथापि त्याचा आरंभ आम्ही आपल्या साक्री तालुक्यापासूनच करतो. खोट्या समजुती शोधण्यास दूरदेशी जाण्याचे कारण नाही. त्या आपल्याच बांधावर उगवतात.

ब्राह्मणवेलच्या बाजूस पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून एक प्रवाद आपण सर्वांनीच ऐकला असेल. या चक्क्या आपल्या पात्यांनी ढग हाकलून लावतात व त्यामुळे पाऊस पडत नाही, असा तो प्रवाद. केवळ आपल्याकडेच नव्हे, सातारा-सांगलीकडील पठारांवरही २००० सालानंतरच्या अवर्षणांत हाच बोभाटा झाला होता. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी आम्हांस हे फार कळवळून सांगितले. मावळतीकडून ढग येतात, पठारास जवळजवळ टेकतात, पाती गरगर फिरतात, आणि थेंबही न टाकता ढग उगवतीकडे पळून जातात. हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असे ते म्हणाले. आम्ही त्यांस हसलो नाही, आणि कोणी हसू नये. त्यांनी पाहिले ते खरेच होते. त्याचा अर्थ लावण्यात मात्र चूक होत होती.

खळ्यावर उफणणी करणारा गडी वावडीवर चढून वाऱ्याची वाट पाहतो. वारा सुटला की भुसा उडतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या निंबाची पानेही सळसळू लागतात. पानांनी भुसा उडविला, असे कोणी म्हणत नाही. दोहोंस हलविणारा वाराच होय. तीच गोष्ट येथे आहे. पावसाळी वारा जोराने वाहतो तेव्हा ढगही धावतात आणि चक्कीही फिरते. चक्कीचा मनोरा साधारण साठ ते ऐंशी मीटरांचा, पात्याचे टोक फार तर शंभर-सव्वाशे मीटरांवर. आणि पावसाचे बाष्प वाहून आणणारा वाऱ्याचा थर कित्येक किलोमीटर उंच असतो. मुसळधार पावसाचे ढग तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत चढतात. एवढ्या प्रवाहाच्या अगदी तळाशी हे पाते फिरते. ते ढग हाकील, ही गोष्ट पुरात उभ्या केलेल्या काठीने नदी मागे फिरविण्यासारखी आहे.

मग पाऊस कमी का? त्याचे उत्तर सह्याद्रीजवळ आहे. समुद्रावरून येणारी हवा डोंगर चढताना निवते व पश्चिमेच्या उतारावर आपले पाणी टाकते. अलीकडे उतरताना ती तापते व कोरडी पडते. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरकडे गेले की भाताची खाचरे दिसतात. आपल्या तालुक्यातही मावळतीच्या डोंगरकडेला भात, आणि धुळ्याच्या दिशेने जावे तशी बाजरी. ही वाटणी चक्क्या येण्यापूर्वी अनेक शतकांची आहे. चक्क्या उभारणारे लोक वारा भरपूर व मोकळा असेल अशी जागा पाहतात, आणि पर्जन्यछायेतील उघडी पठारे त्यांस नेमकी तशी सापडतात. म्हणून चक्की आणि कोरडे आभाळ एकत्र दिसतात. शिवाय १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ, ज्याने खानदेश होरपळला, किंवा ज्येष्ठांच्या आठवणीतील १९७२ चा दुष्काळ, या वेळी आपल्या पठारांवर कोणती चक्की फिरत होती?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पवनचक्क्यांचा हवेवर यत्किंचितही परिणाम होत नाही, असे शास्त्र म्हणत नाही. अमेरिकेतील टेक्सास प्रांतातील चक्क्यांच्या विस्तीर्ण मळ्यांवर उपग्रहांनी केलेल्या निरीक्षणांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वरची व खालची हवा मिसळल्यामुळे रात्री जमीन आसपासच्यापेक्षा किंचित उबदार राहते. एवढेच. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्टही मोजून मांडावयाची, हा शास्त्राचा शिरस्ता आहे. कंडी पिकविणारास तो परवडत नाही.

आमच्या मते या प्रवादाने सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले असेल, तर ते गाऱ्हाणी असणाऱ्या गरिबांचेच. पवनचक्क्यांसाठी वनजमिनी दिल्या गेल्या, त्यावर आपल्या तालुक्यात आदिवासी बांधवांनी आंदोलने केली. जमीन कसणाऱ्याचा हक्क, वाटांमुळे झालेली मोडतोड, मोबदला, हे प्रश्न खरे आहेत व त्यांस कागदपत्रांचा आधार देता येतो. परंतु त्याच अर्जात चक्क्यांनी पाऊस पळविला, असे एक वाक्य शिरले की अधिकाऱ्यास साऱ्या अर्जालाच हसून बाजूस सारण्याची सोय होते. खऱ्या तक्रारीशेजारी खोटी बसविली, तर आधी खरीच मरते.

आता थोडे पुढे जाऊ. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या मोबाईलवर एक निरोप येतो: पृथ्वी सूर्यापासून फार दूर जात आहे, आता कडाक्याची थंडी पडेल, आजार पसरतील, पुढे पाठवा. पृथ्वी जुलैच्या आरंभी सूर्यापासून सर्वांत दूर असते, हे खरे. अंतर सुमारे पंधरा कोटी वीस लाख किलोमीटर. जानेवारीच्या आरंभी ती सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे चौदा कोटी सत्तर लाखांवर असते. जवळ असताना आपण शेकोटी पेटवितो, दूर असताना पेरणी करतो. ऋतू अंतराने होत नाहीत. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून होतात. शाळेतील मूल हे सांगते, आणि घरातील मोठी माणसे तो निरोप पुढे ढकलतात!

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. धुळ्यास थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की लगेच विचारतात, कुठे आहे तुमची तापणारी पृथ्वी? एका रात्रीची थंडी म्हणजे हवा. तीस-तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. दुकानात एक दिवस गल्ला कमी भरला म्हणून वर्षाचा नफा बुडाला, असे वाणी म्हणत नाही.

तिसरे म्हणणे असे की हे सारे सूर्याचे काम, माणसाचा यात दोष नाही. यास उत्तर आहे. सूर्य वाढता तापला असता, तर वातावरणाचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापला आणि फार वरचा थर निवला. घोंगडी पांघरली की आत ऊब वाढते व बाहेरच्या बाजूस कमी पोचते, तसे. ही घोंगडी म्हणजे मुख्यतः जुनी पुस्तके ज्यास कर्बाम्ल वायू म्हणत तो कार्बन डायऑक्साइड. तो उष्णता अडवितो हे टिंडल यांनी १८५९ सालाच्या सुमारास प्रयोगाने दाखविले. तो वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित अऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडले. म्हणजे ही काल-परवाची टूम नव्हे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ होता. २०२४ साली ४२० च्या वर गेला. कोळसा व खनिज तेल जाळून तो वाढला.

आणि याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून ती बरसते तेव्हा एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखविले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. पावसाचे वळण बिघडल्याची शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. त्याचे बोट मात्र कोळशाच्या धुराड्याकडे वळण्याऐवजी, कोळसा वाचविणाऱ्या चक्कीकडे वळविले गेले आहे. आपल्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ सालापासून १२५ मेगावॅटचे सौर वीजकेंद्र आहे. त्याच्याविषयी उद्या आवई उठली, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

आपल्यापैकी काहींस वाटेल, चर्चच्या उत्सवात हे कशाला? परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, ‘लाउदाते देउम’ हे पत्र काढले. त्यात त्यांनी थंडीचे दाखले देऊन थट्टा करणाऱ्यांस उत्तर दिले आहे, गरिबांस मुले फार म्हणून तेच दोषी असे म्हणणाऱ्यांचे खंडन केले आहे, आणि अशी अविचारी मते आपल्या ख्रिस्तसभेतही आढळतात, अशी खंत स्पष्ट व्यक्त केली आहे. पोपच्या विज्ञान अकादमीत मद्रासेस जन्मलेले वीरभद्रन रामनाथन हे २००४ पासून सभासद आहेत. थंड पेट्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूही पृथ्वी तापवितात, हे १९७५ साली त्यांनीच दाखविले. आणि आठवी आज्ञा तर आपण लहानपणी पाठ केली आहे. खातरजमा न करता पुढे ढकललेला निरोप त्या आज्ञेत बसतो की नाही, हे प्रत्येकाने कबुलीस जाण्यापूर्वी ठरवावे.

बारीपाड्याच्या लोकांनी आपले रान राखले, पाणी अडविले. त्यांचे पुढारी चैत्राम पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. ढग कोणी पळविले, याचा वाद घालीत ते बसले नाहीत. जो पाऊस पडला तो त्यांनी जिरविला.

आमची सूचना लहानशीच आहे. चर्चच्या अंगणात, झाडापासून व भिंतीपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. त्याची किंमत फारशी नाही. शाळेतील दोन मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे त्यांस एकदा समजावून द्यावे. आकडा वहीत लिहावा व पडवीतील फळ्यावर खडूने मांडावा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. वही आम्ही आणली आहे. ती धर्मगुरूंच्या हाती देतो. आमचे ते वृद्ध शेतकरी मित्र पहिल्या रांगेत बसले आहेत. पहिल्या दिवशीचा आकडा त्यांनी लिहावा, अशी त्यांस विनंती केली. त्यांनी चष्मा बरोबर आणीन, एवढेच म्हटले आहे.