माझ्या आवडीच्या तबकड्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरी कोणत्या तबकड्या ऐकाव्यात यावर मी दहा मिनिटे बोलावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी फर्माविले आहे. मी गायिका नव्हे, शास्त्रकार तर नव्हेच. ऐकण्याचे वेड मात्र जुने आहे. त्याच अधिकारावर चार नावे सांगते. चारही बायकांची आहेत, आणि ते मुद्दामच. आपल्या आज्यांच्या काळी घरंदाज बाईला गाण्याच्या बैठकीला जाता येत नसे, आणि बैठकीत गाणाऱ्या बाईला कोणी घरंदाज म्हणत नसे. तबकडी आली तेव्हा कुठे त्या गाणारीचा सूर आपल्या माजघरात पोचला.

पहिले नाव हिराबाई बडोदेकरांचे. तिकीट लावून रंगमंचावर बाईने गायला बसण्याचा पायंडा पाडणाऱ्या त्या ह्याच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करावयाचा, बंदिश मांडावयाची, ताना घ्यावयाच्या आणि सुई थांबण्यापूर्वी समेवर यावयाचे! हिराबाईंच्या गाण्यात ही घाई कुठेच जाणवत नाही. नव्याने ऐकू लागणाऱ्या सुनेला किंवा नातीला मी प्रथम त्यांनाच ऐकविते.

गंगूबाई हनगलांच्या बाबतीत एक नव्हे, दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका. १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या पहिल्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक आणि उंच. पुढे घशावर शस्त्रक्रिया झाली आणि आवाज इतका खाली उतरला की, नाव न सांगता लावल्यास पुरुष गातो आहे असे वाटावे. बाईचा गळा नाजूक, गोडच हवा, असे मानणाऱ्या जगात दुसरी एखादी गाणे सोडून बसली असती. गंगूबाई त्या भरदार आवाजानिशी अर्धशतकाहून अधिक काळ गायल्या. मला विचाराल तर हा दुसरा आवाजच मला अधिक प्रिय आहे.

केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच. त्यांतली साडेतीन मिनिटांची भैरवी अमेरिकेने १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविली. याने ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली, आणि केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या. ही बातमी पुष्कळांना पाठ असते, भैरवी मात्र थोड्यांनीच ऐकलेली असते. दमसास कशाला म्हणतात ते तिच्यात कळते.

चौथी तबकडी किशोरी आमोणकरांची, एका बाजूस भूप, दुसऱ्या बाजूस बागेश्री. त्यांच्या मातोश्री आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर; मोगूबाई आणि केसरबाई दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ही लाँग प्लेइंग तबकडी, म्हणजे तीन मिनिटांची अट संपली. भूपात सूर अवघे पाच, मध्यम आणि निषाद नाहीत. एवढ्या भांडवलावर किशोरीताई घाई न करता एकेका सुरापाशी थांबतात. भाजी निवडता निवडता हा भूप ऐकू नका. बसून ऐका. आपल्याच घरात बाईला सलग वीस मिनिटे मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी दुपारचा चहा अर्धा तास पुढे ढकलला. दोन दिवस कुरकुर झाली, मग घरातले स्वतःच आधण ठेवू लागले.

हल्ली यातले पुष्कळसे मोबाईलवरही सापडते, आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी तसे अवश्य ऐकावे. मात्र आलाप रंगात आला असता मध्येच साबणाची जाहिरात येते, तिला माझा इलाज नाही.

कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या पडून असतील, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वी मला एकवार दाखवा. वेष्टन फाटलेले असले तरी चालेल. माझे यंत्र अजून ७८ फेऱ्यांवर चालते.