उजवा, बरोबर आणि हक्क



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एकच इंग्रजी शब्द निवडला आहे, आणि तोही शाळेतल्या पहिल्या-दुसऱ्या पुस्तकातला. शब्द आहे 'राइट'. एवढ्याशा शब्दावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कोणाच्या मनात येईल. परंतु कोश उघडून पाहावा. लांबलचक, भारदस्त शब्दाला तेथे दोन ओळी पुरतात आणि असल्या चिमुकल्या शब्दांना पानेच्या पाने लागतात. शिवाय हा शब्द कोशात स्वस्थ बसणारा नव्हे. तो कायद्यात शिरला आहे, कचेरीत शिरला आहे, आणि त्याचे मराठी भाषांतर आपण कसे करतो यावर आपले नागरिकपण काही अंशी अवलंबून आहे.

प्रथम त्याचा संसार पाहू. 'राइट हँड' म्हणजे उजवा हात. 'राइट आन्सर' म्हणजे बरोबर उत्तर. 'राइट अँगल' म्हणजे काटकोन. 'राइट अवे' म्हणजे ताबडतोब. उलटलेली होडी सरळ केली तर इंग्रज 'राइट' हेच क्रियापद वापरतो, आणि झालेला अन्याय दूर केला तरी तेच वापरतो. 'राइट ऑनरेबल' या पदवीत त्याचा अर्थ 'अत्यंत' असा होतो. राजकारणातले उजवे पक्ष म्हणजेही 'राइट'. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, तेथून तो अर्थ निघाला. आणि या सर्वांवर कळस म्हणजे 'राइट' याचा अर्थ हक्क.

एवढ्या अर्थांची मोळी बांधणारी दोरी कोणती? ती दोरी म्हणजे सरळपणा. लॅटिनमधला 'रेक्टस', जर्मनमधला 'रेख्ट' आणि आपल्या संस्कृतातला 'ऋजु' हे या शब्दाचे भाऊबंद आहेत. खांब जमिनीवर सरळ उभा राहिला की काटकोन झाला. वाकडेतिकडे न जाता नेमके पोहोचले ते उत्तर बरोबर. बहुसंख्य माणसांचा भरवशाचा हात तो उजवा. उलट 'लेफ्ट' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'दुबळा' असा होता. आपल्या जुन्या मराठीत 'उजू' म्हणजे सरळ, तो याच ऋजूचा वंशज, आणि 'उजवा' हाही त्याच घराण्यातला मानला जातो. तेव्हा 'राइट' आणि 'उजवा' हे हजारो मैलांवर वाढलेले दूरचे चुलतभाऊच म्हणायचे.

आता खरी गोम पाहा. इंग्रज माणूस 'हा माझा राइट आहे' म्हणतो, तेव्हा त्या शब्दातच 'हे बरोबर आहे' असा नाद उमटतो. जर्मन आणि फ्रेंच भाषांत तर सरळपणा, कायदा आणि हक्क ही तिन्ही एकाच शब्दाच्या कुळात नांदतात. मराठीत ही वाटणी झालेली आहे. हात उजवा, उत्तर बरोबर आणि मागणी हक्काची. 'हक्क' हा शब्द मूळचा अरबी आणि अरबीत त्याचा एक अर्थ 'सत्य' असाही आहे. पण आपल्याकडे तो आला दप्तरातून, वतनाच्या कागदांतून. पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क, बलुतेदाराचा हक्क, म्हणजे उत्पन्नातला किंवा पिकातला ठरलेला वाटा. तो घराण्याला चिकटलेला असे, जन्माने मिळे. माणूस म्हणून जन्माला आल्यामुळेच प्रत्येकाला काही हक्क असतात, ही कल्पना त्या कागदांत नव्हती. टॉमस पेन याचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ १७९१ साली निघाला, आणि तो वाचून महात्मा फुल्यांच्या विचारांना जी धार आली तिचे मर्म येथे आहे. त्या ग्रंथातला 'राइट' कोणा एका घराण्याचा नव्हता.

समानार्थी शब्दांनी घोटाळा आणखी वाढवला आहे. राइट, क्लेम, प्रिव्हिलेज, पॉवर, लिबर्टी, इम्युनिटी असे इंग्रजीत किती तरी शब्द आहेत आणि भले भले लोक त्यांची अदलाबदल करतात. १९१३ साली होफेल्ड नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने तक्रार केली की, न्यायाधीशसुद्धा निरनिराळ्या गोष्टींना सरसकट 'राइट' म्हणतात. त्याची फोड आपण घरगुती उदाहरणांनी करू. आम्ही कोणाला पाचशे रुपये उसने दिले, तर ते परत मिळणे हा आमचा हक्क. कारण फेडणे हे समोरच्याचे कर्तव्य आहे. आम्ही आपल्या अंगणात संध्याकाळी फेऱ्या मारतो, ती मोकळीक. मृत्युपत्र करून आम्ही आपले घर कोणाला देऊ शकतो, ते सामर्थ्य. आणि आमदाराने सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल त्याच्यावर कोर्टात फिर्याद होऊ शकत नाही, ते संरक्षण. चौघांनाही बोलण्याच्या ओघात 'राइट' म्हणतात. परंतु काटेकोर अर्थाने हक्क पहिलाच, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी कर्तव्य बांधलेले आहे.

मराठीत हा गोंधळ 'अधिकार' या शब्दाभोवती आहे. संस्कृतात अधिकार म्हणजे पात्रता. परमार्थातला 'अधिकारी पुरुष' तो हा. कचेरीत अधिकार म्हणजे सत्ता, आणि ती चालवणारा तो अधिकारी. त्याच शब्दाने आपण नागरिकाचा 'राइट'ही सांगतो. संविधानाच्या मराठी पाठात 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदी पाठात 'मूल अधिकार'. २००९ चा मुलांच्या शिक्षणाचा कायदा मराठीत 'हक्क अधिनियम' झाला, २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवांचा कायदाही 'हक्क अधिनियम' झाला. पण २००५ चा माहितीचा कायदा 'अधिकार अधिनियम' म्हणून ओळखला जातो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी शब्द एकच, 'राइट'.

यात बिघडले काय? कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. माहितीच्या कायद्यात सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देण्याचे कर्तव्य आहे, आणि विनाकारण टाळाटाळ केल्यास दर दिवशी २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, असा दंडही आहे. म्हणजे तो अस्सल हक्कच आहे. बिघडते ते आपल्या कानात. अधिकार म्हटला की तो टेबलापलीकडच्या माणसाचा वाटतो. मग अर्जदार हात जोडून उभा राहतो आणि काम झाल्यावर 'मेहरबानी झाली' म्हणून परत फिरतो. ज्याला आपले हक्काचे मिळाले, त्याने मेहरबानी कसली मानायची?

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, याला आपल्याच महाराष्ट्रातला दाखला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व झाले. परंतु पाण्याला कोणी हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्याले आणि मागोमाग हजारोंनी. लगोलग दंगा झाला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! ठरावाने दिलेली गोष्ट ठरावाने काढून घेता येते. ती सवलत असते. पुढे कोर्टात स्पृश्य मंडळींनी सांगितले की, इतरांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे. ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने त्यांचे म्हणणे फेटाळले. दहा वर्षे झगडा चालला तो पाण्यासाठी होता तसाच एका प्रश्नासाठीही होता: हे पाणी म्हणजे हक्क की कृपा? १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने त्याचे उत्तर दिले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला तेथे मज्जाव करता येणार नाही, असे बजावले आहे. म्हणजे हक्क सांगताना इतर सर्वांचे कर्तव्यही सांगितले आहे.

म्हणून श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे. 'राइट' या शब्दाचे मराठी करताना, किंवा नुसते बोलतानाही, मनाशी विचारावे की यात कर्तव्य कोणाचे आहे? ते सापडले तर बेधडक हक्क म्हणावे. कोणाला निर्णय घेण्याची सत्ता असेल तर अधिकार म्हणावे. आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर ती सवलत आहे, हे ओळखून असावे. रेशनच्या दुकानासमोर, तलाठ्याच्या कचेरीत, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी हा भेद उपयोगी पडेल. आणि आपल्यापैकी जे कोणी टेबलाच्या पलीकडे बसत असतील, त्यांनी समोरच्याच्या तोंडून 'हक्क' हा शब्द आला की रागावू नये. त्या शब्दात त्यांच्या कर्तव्याचे नाव आहे.