फितीवरील दुसरी प्रत

जन्ममृत्यूची नोंद असो वा शाळेचे जनरल रजिस्टर, दप्तर संगणकावर आले की त्याची दुसरी प्रत राखण्याची जबाबदारीही आली. त्यासाठी चुंबकीय फीत वापरण्याची पद्धत जुनी खरी, पण ती टाकाऊ झालेली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत आज्ञावलीतील दोषामुळे काही ग्राहकांच्या पत्रपेट्या एकाएकी रिकाम्या झाल्या. निरनिराळ्या केंद्रांतील प्रतींनाही तो दोष बाधला. फिती मात्र अलग ठेवलेल्या होत्या. त्यांवरूनच पत्रे परत मिळविण्यात आली.

युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स प्रणालीला फितीचे यंत्र जोडले, की ती त्या एकाच यंत्राला दोन मुख्य नावे देते: ‘एसटी-०’ आणि ‘एनएसटी-०’. (ही एसटी गावोगाव धावणारी नव्हे!) घात होतो तो या नावांच्या गोंधळात. पहिल्या नावाने काम सांगितल्यास ते संपताच फीत आपोआप आरंभापर्यंत गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने सांगितल्यास ती थांबली तेथेच राहते. सोमवारची प्रत पहिल्या नावाने उतरविली आणि मंगळवारचीही त्याच फितीवर तशीच उतरविली, तर सोमवारची प्रत पुसली जाते. यंत्र तक्रार करीत नाही. नोंदवहीत दोन्ही दिवसांची कामे यथास्थित पार पडल्याचे दिसते. यास्तव एका फितीवर अनेक प्रती ठेवावयाच्या असल्यास दुसरेच नाव योजावे, आणि नवी प्रत उतरविण्यापूर्वी ‘एमटी’ या आज्ञेने फीत लिखित भागाच्या अखेरीस न्यावी.

प्रत उतरविणारी ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली आहे. ती माहिती ठराविक आकाराच्या तुकड्यांनी लिहिते. सर्वसाधारणपणे एक तुकडा १०,२४० बाइटांचा असतो. हा आकार बदलल्यास तो फितीच्या वेष्टनावर लिहून ठेवावा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत होणार नाही.

केवळ प्रत उतरली म्हणजे काम झाले, असे मात्र मानता येत नाही. अधूनमधून एखादी नस्ती फितीवरून वेगळ्या जागी उतरवून मुळाशी ताडून पाहावी लागते. हे काम नेमके टाळले जाते, कारण त्याचा अहवाल कोणी मागत नाही. शिवाय फीत वाचणारे यंत्रही हवे: एलटीओ प्रकारातील नवव्या पिढीचे यंत्र आठव्या पिढीची फीत वाचते, सातव्या पिढीची वाचत नाही. तेव्हा कपाटात सातव्या पिढीच्या फिती असतील, तर नव्या यंत्राची खरेदी होताच जुने निर्लेखित करू नये.