श्वास आणि बाळपणींचे घाव



पस्तीस वर्षें शाळेच्या वर्गांत उभ्या राहिलेल्या माणसाला मुलांचा श्वास ओळखण्याची संवय होते. पाठ येत असूनहि एखादें मूल मध्येंच श्वास रोखून धरतें. खांदे ताठ, ओठ कोरडे. पुष्कळदां त्याचें मूळ वर्गांत नसतें, घरांत असतें. मार, उपेक्षा, आईबापांचा कलह, किंवा माउलीचा अकालीं वियोग. मूल मोठें होतें, प्रपंचाला लागतें. पण कोणीं आवाज चढविला कीं, तोच श्वास पुन्हां अडकतो.

ही नुसती कविकल्पना नव्हे. इ. स. १९९८ सालीं डॉ. फेलिटी, डॉ. अँडा व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील हजारों प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बाळपणींच्या आपत्ति जितक्या अधिक, तितका पुढें विषण्णतेचा, व्यसनांचा व हृद्रोगाचा संभव अधिक, असें तींत आढळलें.

मग श्वासानेंच हा घाव भरून येईल काय? येथें दोन वाटा फुटतात.

एक वाट वेगाची. प्राग येथें जन्मलेले मनोवैद्य स्तानिस्लाव ग्रोफ व त्यांच्या पत्नी क्रिस्तिना यांनीं १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत 'होलोट्रॉपिक' पद्धति सुरू केली. वाद्यांच्या घोषांत पडून जलद व खोल श्वास घ्यावयाचा. तेणेंकरून जन्मकाळच्यासुद्धां आठवणी वर येतात, असें ते सांगत. परंतु अशा श्वसनानें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड वायु घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात, बोटें आखडतात, भोंवळ येते. त्या अवस्थेंत जें दिसलें तें खरोखर घडलेंच असेल असा भरंवसा नाहीं. स्मृति ही सूचनेला फार लवकर वश होते. हृद्रोगी, अपस्मारी व गर्भवती यांनीं तर या वाटेस जाऊंच नये.

दुसरी वाट सावकाशीची. श्वास सोडण्याच्या क्रियेनें चित्त स्थिर होतें, हें पतंजलींनीं योगसूत्रांत नमूद केलें आहे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांस प्रयोगशाळेच्या कसोटीस लावलें. मिनिटास सुमारें ६ श्वास, आणि घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ, एवढ्यानेंच हृदयाचा वेग मंदावतो. धोका टळल्याची वर्दी जणूं शरीराला पोंचते.

मात्र श्वास घाव पुसून टाकीत नाहीं. घावाकडे पाहण्याइतकें बळ देतो. पुढचें काम विश्वासाच्या माणसापाशीं, घाव खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञापाशीं, बोलूनच व्हावयाचें. श्वासाकडे लक्ष देतांच कोणाची घालमेल वाढली, तर त्यानें डोळे उघडावे व थांबावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आणि घरांत एखादें लेंकरूं भयानें श्वास कोंडून उभें असेल, तर आधीं प्रश्न विचारूं नका. जवळ बसा, स्वतः संथ श्वास घ्या. वडीलधाऱ्यांचा संथपणा मुलाला लागतो. आज मिळालेला तो धीर उद्यांचा केवढा तरी उपचार वांचवील.