गाडी रिकामी करण्याआधी



बचत गटातल्या बऱ्याच जणींची घरकुलाची कामं सुरू आहेत. अनुदान हप्त्यांनी येतं, कमी पडलं की गटाचं कर्ज काढावं लागतं. म्हणून आज एकच सांगते. माल आपण स्वतः पारखून घ्यायचा. प्लास्टर झाल्यावर आतली वीट कुणालाच दिसत नाही.

आधी भट्टीवरून दोन-चार विटा नमुन्याला आणा. एकमेकींवर वाजवा, आवाज खणखणीत हवा. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाकली तर वीट तुटू नये. एक कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ती फार पाणी पिते. अशी वीट नको.

वाळू काचेच्या बरणीत अर्धी भरा, पाणी घालून हलवा आणि ३ तास ठेवा. वर गाळ बसेल. मुलांच्या पट्टीने मोजा. १० सेंटीमीटर वाळूवर १ सेंटीमीटर गाळ असला, तरी तो जास्तच.

सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ३ महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका. बोटांनी न फुटणारे खडे दिसले तर परत करा.

गवंडीदादा म्हणतील, "ताई, आम्ही रोज हेच करतो." त्यांना मानानेच सांगा, "दादा, कर्जाचा हप्ता मला भरायचाय. बघूनच गाडी उतरवू."