मातींत गेलेलीं वर्षें

(धारणी येथील आखाड्यांत कुस्तीगीर मुलांपुढें व त्यांच्या पालकांपुढें झालेलें भाषण वाचकांसाठीं देत आहों.)



आज येथें येतांना वाटेंत एका बापानें मला थांबवून आपलें गाऱ्हाणें सांगितलें. त्याचा मुलगा चार वर्षें या आखाड्यांत घुमला. आतां तो शिक्षणासाठीं घाट उतरून अमरावतीस गेला आणि तेथें ज्यूदो शिकूं लागला. बाप म्हणाला, "पोराचे चार साल मातीत गेले ना जी! आता पुन्हा पहिल्यापासून." तो थट्टा करीत नव्हता. चार वर्षांचें दूध, तूप, शेतांतलीं बुडालेलीं कामें, हा सगळा हिशेब त्याच्या मनांत होता. गरिबाच्या पोराचें एक वर्ष वाया जाणें म्हणजे काय, हें ज्याचें पोट हातावर आहे त्यालाच कळतें. म्हणून ठरवून आणलेला विषय बाजूस ठेवून मी या गाऱ्हाण्याचेंच उत्तर देणार आहे.

बाबा, बीं मातींत जातें तेव्हां तें वाया गेलें असें कोणी कुणबी म्हणतो काय? म्हणत नाहीं. पण पेरणी झाली म्हणजे पीक घरांत आलें, असेंही तो म्हणत नाहीं. मागून निंदण आहे, डवरणी आहे, राखण आहे. कुस्तीचेंही तसेंच आहे. ती पुढच्या प्रत्येक मर्दानी विद्येंत उगवते. मात्र तिच्याबरोबर आलेलें तण काढावें लागतें.

पहिल्यानें कुस्तीनें काय दिलें तें मोजूं. लाठी असो, ज्यूदो असो, कराटे असो कीं मुष्टियुद्ध असो, पहिला प्रश्न एकच. समोरचा जिवंत माणूस तुमचें न ऐकतां उलट जोर करतो, तेव्हां तुमचे पाय जागेवर राहतात कीं नाहीं? कित्येक ठिकाणीं शिकणारा वर्षभर हवेंतच हात मारतो, किंवा जोडीदार आधीं ठरल्याप्रमाणें मुकाट्यानें पडतो. आखाड्यांत रोज खरी लढत. मनगट धरलें कीं समोरच्याचें वजन कोणत्या पायावर आहे तें डोळे मिटूनही समजतें. ही समज पुस्तकांत मिळत नाहीं. ती हातांत येते आणि आली म्हणजे जन्मभर जात नाहीं. शिवाय पडण्याची भीति मोडते, मान व कंबर घट्ट होते, दम पुरतो. आणि रोज हरून रोज उठण्याची संवय लागते, तिची किंमत तर करतांच येत नाहीं. ज्या सुताराचा हात वाकसावर व रंध्यावर बसला आहे, त्याच्या हातीं नवें यंत्र दिलें तर तो चार दिवस चुकेल. पण लांकूड म्हणजे काय हें त्याला पुन्हा शिकावें लागत नाहीं.

हें नुसतें आपल्या मातीचें कौतुक नव्हे. ज्या ज्यूदोसाठीं पोरगा अमरावतीस गेला, त्या ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं टोकियोंत आपली शाळा काढली. त्याआधीं तरुणपणीं त्यांचा एक धिप्पाड सोबती कांहीं केल्या त्यांना पडेना. तेव्हां त्यांनीं पाश्चात्य कुस्तीचीं पुस्तकें धुंडाळून त्यांतला एक डाव उचलला आणि त्याला पाडलें. गड्याला खांद्यावर आडवा घेऊन फेकण्याच्या त्या डावाला ज्यूदोंत काता-गुरुमा म्हणतात. आपला कलाजंग त्याचा सख्खा भाऊच आहे. आपला धोबीपछाडही वेगळ्या नांवानें तेथें भेटतो. खुद्द गुरूनें कुस्तीपाशीं उसनवारी केली, तेथें आपल्या पोरानें कुस्ती लपवावी कशाला?

आपल्या महाराष्ट्राचें उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव मातींत तयार झालेला मल्ल. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीची संवय नसतांना तो सहावा आला. मातींत गेलेलीं वर्षें त्यानें टाकून दिलीं नाहींत; त्यांच्यावर गादीचे नियम चढवले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस त्यानें ब्राँझपदक मिळवलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आतां तणाविषयीं बोलतों, आणि तें माझ्याच अंगावरून सांगतों. तरुणपणीं मी कुस्ती सोडून ज्यूदोच्या एका वर्गांत गेलों, तेव्हां छाती फुगवून गेलों. माझ्याहून पंधरा किलो हलका एक मुलगा समोर आला. मीं त्याला दोनदां उचलून टाकला. तिसऱ्या वेळीं माझा तोल गेला आणि कुस्तीगिराच्या संवयीनें मी झटकन पालथा झालों. पाठ मातीला लागूं द्यायची नाहीं, हें हाडांत मुरलेलें ना! पण पालथा पडलों म्हणजे पाठ आणि मान मीं त्याच्या स्वाधीन केली. त्यानें माझ्याच अंगरख्याची कॉलर माझ्या गळ्याभोवतीं आवळली आणि डोळ्यांपुढें काजवे चमकले. कुस्तींत जें शहाणपण, तेंच तेथें मरण. त्या दिवशीं मला कळलें कीं माझें शरीर तयार आहे, पण त्याच्या कांहीं संवयी दुसऱ्या घरच्या आहेत.

मोठमोठ्यांनाही हें चुकलेलें नाहीं. गामा पैलवानाच्या घराण्यांतला अक्रम १९७६ सालीं कराचींत जपानच्या अंतोनियो इनोकीशीं लढला. इनोकीनें त्याचा हात पिळून कुलूप घातलें. अक्रमनें हार कबूल केली नाहीं आणि हात निकामी झाला, तेव्हां लढत थांबवावी लागली. हरियाणांतल्या बलाली गांवची रितू फोगाट ही कुस्तीगीर मुलगी. ठोसे, लाथा, पकडी असें सर्व चालणाऱ्या मिश्र लढतींत ती २०१९ सालीं उतरली आणि कुस्तीच्या बळावर एकामागून एक लढती जिंकत गेली. २०२१ सालीं सिंगापुरास स्पर्धेच्या अंतिम लढतींत ती थायलंडच्या स्टँप फेअरटेक्सशीं लढली. स्टँप मूळची ठोसे-लाथांच्या विद्येंत वाढलेली. पण तिनें रितूचा कोपर कुलपांत धरला आणि रितूला हार मानावी लागली. मध्यें पंचेचाळीस वर्षें गेलीं, तरी फट तीच: कुस्तींत आपण सांध्याचें कुलूप व गळ्याचा फांस यांपासून वांचायला शिकत नाहीं. पण रितूनें वेळेवर हार मानली, म्हणून हात शाबूत राहिला. पोरांनो, पंजा आपटून "सोड" म्हणणें यांत लाज नाहीं. हात राहिला तर उद्यां पुन्हा लढतां येतें.

फट बुजवली म्हणजे काय होतें तेंही ऐका. कॉकेशस पर्वतांतल्या दागेस्तानांत, मेळघाटासारख्याच डोंगरी मुलखांत, हबीब नुर्मागोमेदोव हा मुलगा बापाच्या हाताखालीं कुस्ती, ज्यूदो व साम्बो शिकून वाढला. मिश्र लढतींतून २०२० सालीं तो निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर २९ लढती होत्या आणि हार एकही नव्हती. मूळ कुस्तीचें, आणि वर कुलुपांची व फांसांची शिकवण, हा त्याचा मार्ग.

तर जाणाऱ्या मुलानें पहिल्या सहा महिन्यांत काय करावें? एक, पालथें पडण्याची संवय मोडावी आणि हनुवटी छातीशीं ठेवून मान राखावी. दोन, ज्यूदोंत एकेरी पट व दुहेरी पट विसरावे. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीं कमरेखालीं हातानें धरणें टप्प्याटप्प्यानें बंद केलें आहे. तेथें टांग व धोबीपछाड यांवर भर द्यावा, आणि उघड्या अंगाऐवजीं अंगरखा धरायला शिकावें. तीन, मुष्टियुद्धांत किंवा कराट्यांत कुस्तीसारखें डोकें पुढें काढून वांकून उभें राहूं नये. ठोसा व गुडघा नेमका तेथेंच येतो. चार, सुटींत घरीं आल्यावर या मातींत उतरावें. मूळ सुकूं देऊं नये.

आतां पालकांस दोन शब्द. आपल्यांत एक जुना रोग आहे. जें पोथींत आहे, ज्याचा कागद मिळतो, तीच विद्या. आणि कुणबी, कोरकू, लोहार, मांग यांच्या हातांत जें आहे तें नुसतें अंगमेहनतीचें. पूर्वीं दक्षिणा घेऊन पुण्य विकीत. आज कांहीं ठिकाणीं फी घेऊन रंगीत पट्टे विकतात, आणि ज्या मुलानें कधीं खरा जोर पाहिला नाहीं त्याला चार-दोन वर्षांत काळा पट्टा बांधतात. त्या पट्ट्यापुढें आपल्या पोराची माती कमी आहे असें मानून मान खालीं घालूं नका. जेथें रोज खरी लढत होते तेथेंच मुलाला पाठवा, मग तो आखाडा असो कीं वर्ग. १९१४ सालीं स्थापन झालेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच अमरावतींत आहे. १९३६ सालीं बर्लिनला आपले खेळ दाखवून आलेली ती संस्था. आधीं तेथें जाऊन डोळ्यांनीं पाहा, मग ठरवा.

आणि एक आठवण ठेवा. पुण्याच्या तालमींत लहुजी बुवा साळवे (१७९४–१८८१) शिकवीत. ते मांग समाजांतले. त्यांच्या पायाशीं बसून माळ्याचा मुलगा जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकला. विद्या कोणाच्या हातची, हें त्यानें विचारलें नाहीं. विद्या खरी आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें. त्याच जोतीरावानें १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. आपल्या आखाड्यांत कोणत्याही जातीच्या मुलाला, आणि मुलीलाही, उतरतां आलें पाहिजे. ज्या हौद्यांत कांहींनाच प्रवेश आहे, त्या मातींत पेरलेलें बीं किडकें निघेल.

त्या बापाला मीं वाटेंत उत्तर दिलें नाहीं. तो येथें मागें उभा आहे, म्हणून आतां देतों. बाबा, पोराला निरोप पाठवा कीं पहिल्या महिन्यांत तूं हरशील, तेव्हां घाबरूं नकोस. तुझी पेरणी झालेली आहे. आतां निंदण कर.